भिक्षान्नाचा विचार आणि दात्याचे दायित्व

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या तीरी पांचाळेश्वर हे आत्मतीर्थ आहे. श्रीदत्तात्रेयप्रभूंचे हे नित्य भोजनस्थान होय, अशी पंथाची दृढ श्रद्धा आहे. माहूरच्या परिसरात निद्रा व स्नान, कोल्हापुरी भिक्षा आणि मध्यान्ही भोजन मात्र पांचाळेश्वरी, असा तो क्रम सांगितला जातो. येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. भिक्षेचे स्थान निराळे आणि भोजनाचे स्थान निराळे. या दोहोंच्या मध्ये कित्येक योजनांचे अंतर आहे. केवळ स्थानभेदावरून आचाराचा नियम काढणे युक्त नव्हे, हे खरे. तथापि पंथाच्या आचारधर्मातही अटन, विजन, भिक्षा आणि भोजन या पृथक् क्रिया मानलेल्या आहेत. भिक्षा म्हणजे भोजन नव्हे. भिक्षा हा घेण्याचा विधी आणि भोजन हा सेवनाचा विधी. पहिल्यात निवडीला वाव नाही. दुसऱ्यात विवेकाला वाव आहे किंवा नाही, हा प्रश्न विचारार्ह आहे, आणि अलीकडे तो केवळ शाब्दिक राहिलेला नाही.

अलीकडे म्हणण्याचे कारण असे. धान्य कोंड्यासह खावे, डाळी, कडधान्ये, पालेभाज्या, फळे व तेलबिया यांवर निर्वाह करावा, मैदा, साखर व कारखान्यातील तेल यांपासून दूर राहावे, आणि पशुजन्य पदार्थ शक्य तो घेऊच नयेत, असा आहारमार्ग आरोग्यासाठी व सृष्टीच्या रक्षणासाठी म्हणून सांगितला जाऊ लागला आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे आहारशास्त्रज्ञ टी. कॉलिन कॅम्पबेल यांच्या २००५ सालच्या ग्रंथानंतर त्याचा बराच बोलबाला झाला. हे ऐकून महानुभाव वासनिकाच्या मनात पहिली प्रतिक्रिया कोणती उमटते? "हे तर आमच्या स्वामींनी सातशे-आठशे वर्षांपूर्वीच घालून दिले आहे, आमच्या घरी मांस नाही, मद्य नाही, आम्हांस यात नवे काय?" ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहे, परंतु ती पुरती तपासून पाहण्यासारखीही आहे.

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांस ठाऊक आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास आला. स्वामींनी त्यास अभय दिले. पण तेवढ्यावरच ते थांबले नाहीत, तर पारध्यांसही त्या मार्गापासून परावृत्त केले. या लीळेचा अर्थ 'सशाचे मांस खाऊ नये' एवढाच घेतला तर तो फारच तोकडा ठरेल. ताटात काय नाही यावरून अहिंसेचे माप घ्यावयाचे, तर मांस न खाणारा प्रत्येक मनुष्य अनायासेच अहिंसक ठरतो आणि प्रश्न मिटतो. परंतु स्वामींनी जीव वाचविला आणि ज्यांच्या हातून हिंसा घडत होती त्यांच्याकडेही लक्ष दिले. ताटातील अन्न कोणत्या मार्गाने आले, त्यासाठी कोणाचे पाणी आटले आणि कोणाचे शरीर झिजले, हा प्रश्न शाकाहाराच्या व्रताने सुटत नाही. उलट व्रत घेतलेल्यालाच तो अधिक लागू होतो.

प्रथम शरीराचा विचार. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांच्या विचारात मनुष्यदेहाचे मोल साधन म्हणून आहे. ज्ञान आणि आचार या देहातच घडावयाचे. साधन मोडले तर साधना थांबते. म्हणून देहाचे लाड करणे जसे अयुक्त, तसे रसनेच्या लालसेने तो निकामी करणेही अयुक्त.

धान्य कांडून, पांढरे करून खाण्याने काय घडते याचा बोध शास्त्रज्ञांना मोठ्या योगायोगाने झाला. १८९० च्या सुमारास जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान नावाचा डच वैद्य बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होता. त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या अकस्मात लुळ्या पडू लागल्या आणि काही महिन्यांनी तितक्याच अकस्मात बऱ्या झाल्या. चौकशीअंती असे निघाले की, त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा भात घातला जात होता; पुढे नवा आचारी आला, त्याने लष्करी भात या कोंबड्यांना देण्याचे नाकारले, आणि त्यांच्या पुढ्यात हलका, कोंड्याचा तांदूळ पडू लागताच त्या बऱ्या झाल्या. रोगाचे मूळ काढून टाकलेल्या कोंड्याच्या अभावात होते. या मार्गाने जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या कथेतील एक बारकावा भिक्षान्नाच्या विचारास फार जवळचा आहे. त्या कोंबड्यांना निवड नव्हती. जे स्वयंपाकघरातून येई ते त्या खात, आणि त्यांचे आरोग्य सर्वस्वी देणाऱ्याच्या हाती होते.

बीड जिल्ह्यातील जुन्या घरचे अन्न कोणते होते? बालाघाटाच्या माथ्यावर, पाटोदा-आष्टीकडे बाजरी. काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी, त्यातही मालदांडी. ज्वारीत करडईचे पाटे असत. त्याच करडईचे तेल घाण्यावर निघे आणि तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी होई. तूर, मटकी, हुलगे, हरभरा हे कोरडवाहू सोबती. जवस, कारळे व तीळ यांच्या चटण्या. अंबाडी, तांदुळजा, पाथरी, घोळ या बांधावरच्या भाज्या. आणि डोंगरातील सीताफळ, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. हे अन्न गरिबीचे म्हणून ओळखले जाई. भाकरीचे पीठ चाळून कोंडा टाकून देण्याची रीत नव्हती. आख्खे धान्य जात्यात वा गिरणीत जाई आणि आख्खेच ताटात येई. आज शहरातील विद्वान ज्या आहाराची वाखाणणी करतात, तो फार मोठ्या अंशाने हाच होता.

मात्र येथे जुन्या काळाचे गुणगान करण्याच्या भरात सत्य झाकू नये. केवळ ज्वारी हेच अन्न असणाऱ्या दख्खनच्या पठारावरील दरिद्री मजुरांत पेलाग्रा नावाचा रोग दिसे. कातडी काळवंडे, जुलाब होत, चित्तभ्रम होई. १९६० च्या सुमारास डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत, या रोगाचा ज्वारीच्या एकांगी आहाराशी असलेला संबंध दाखवून दिला. म्हणजे ज्वारी स्वतः तारक नाही. डाळ, पालेभाजी, तेलबी यांची जोड तिला हवी. जोड तुटली की आख्खे धान्यही अपुरे पडते, आणि दारिद्र्य हीच जोड प्रथम तोडते.

ही जोड गेल्या अर्धशतकात दोन बाजूंनी तुटली. १९७२ च्या दुष्काळात या भागाने परदेशी लाल मिलो आणि सुकडी खाल्ली. त्या आठवणीने ज्वारीची लाज वाटू लागली आणि गव्हाची पोळी ही प्रतिष्ठेची खूण झाली. संकरित ज्वारीने पोती भरली, पण तिची भाकरी तोंडात फिरे अशी तक्रार घरोघरी होती. पुढे शिधापत्रिकेवर पांढरा तांदूळ, साखर व पामोलिन आले. शेतात सोयाबीन व कापूस आले आणि करडईचे पाटे दिसेनासे झाले. गिरणीतून दळून आणलेली कणीक तशी निर्दोष आहे. तिचा कोंडा चाळून गुरांना घालण्याची हौस ही मात्र आपलीच. त्यावर बिस्किटे, खारी, पाव आणि दिवसातून चार-पाच वेळचा गोड चहा यांची भर पडली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. यांतील असंख्य लोक शुद्ध शाकाहारी असणार, हे सांगण्यास वेगळी पाहणी नको. शिरा, बुंदी आणि पांढरा भात हे पदार्थ पूर्ण शाकाहारी आहेत.

आता पाण्याचा विचार, आणि बीड जिल्ह्यात तो साखरेवाचून करता येत नाही. या जिल्ह्यात पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही लहरी. रब्बीची ज्वारी पावसाळ्याच्या अखेरीस पेरतात. ती जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर चार महिन्यांत उभी राहते, माणसाला दाणा आणि गुराला कडबा देते. ऊस वर्ष ते दीड वर्ष शेतात उभा राहतो आणि दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी मागतो. राज्यातील पिकाऊ जमिनीचा अगदी थोडा भाग उसाखाली आहे; परंतु सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा भाग त्यात जातो. केज तालुक्यातील धनेगाव येथे मांजरा नदीवर धरण आहे. त्याच्या पाण्यावर लातूर शहराची तहान भागते आणि त्याच्या आसमंतात उसाचे मळे व कारखाने वाढले. सलग दुष्काळाने ते धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पिण्याच्या पाण्याची गाडी येते त्याच प्रदेशात साखरेची पोती भरली जातात, या विसंगतीला केवळ हवामान कारण म्हणता येत नाही.

तथापि शेतकऱ्यास बोल लावणे सोपे आहे आणि अन्याय्यही आहे. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे आणि विकत घेणारा कारखाना दाराशी आहे. ज्वारीला हमीभाव कागदावर असला, तरी तिची नेमाने खरेदी करणारा कोणी दाराशी उभा नाही. शिवाय रब्बीची ज्वारी काढणे हे कंबर मोडणारे काम, त्यास मजूर मिळत नाही.

आणि मजूर मिळणार कोठून? दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली. पतिपत्नी मिळून एक कोयता मानला जातो. पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतील गावांतून हिवाळ्यात हिंडणाऱ्या भिक्षूस हे वेगळे सांगावयास नको. आळीच्या आळी कुलपे लावून पडलेल्या असतात; उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या पदरी ठेवलेली नातवंडे. या ऊसतोड स्त्रियांपैकी अनेकींची गर्भाशये तरुण वयातच काढली गेल्याची बाब २०१९ साली उघडकीस आली, आणि राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. एक दिवस काम चुकले की दंड, मासिक धर्माच्या दिवसांतही विसावा नाही, पालावर पाण्याची व आडोशाची सोय नाही. अशा स्थितीत त्या स्त्रियांनी शस्त्रक्रिया पत्करल्या. उपहाराच्या ताटातील साखरेत यातील काहीच दिसत नाही. साखर पांढरी असते. परंतु सशाच्या लीळेचा अर्थ जर 'आश्रयास आलेल्याचे रक्षण' असा असेल, तर या स्त्रियांना त्या अर्थाच्या बाहेर ठेवता येईल काय?

येथवर वासनिकांचा विचार झाला. आता खरी अडचण येते ती भिक्षूपाशी.

येथे पूर्वपक्ष असा संभवतो: "भिक्षूने हे कोंड्यासह हवे, ते साखरेचे नको, असा भेद करणे म्हणजे भिक्षाव्रताचा भंगच होय. चारही वर्णांच्या घरी जावे, जे मिळेल ते घ्यावे, निर्वाहापुरते घ्यावे, रुचीकडे पाहू नये, ही भिक्षेची मर्यादा. श्रीगोविंदप्रभू ऋद्धिपुरात कोणत्याही घराचा विटाळ न मानता संचार करीत. आरोग्याच्या नावाने निवड सुरू झाली की ती कुळाच्या व घराच्या निवडीपर्यंत जाण्यास वेळ लागणार नाही. ज्या दारी बाजरीची भाकरी मिळते ते दार धरावयाचे आणि ज्या दारी शिधापत्रिकेचा भात मिळतो ते टाळावयाचे, असे होईल."

हा पूर्वपक्ष बलवान आहे आणि तो खोडून काढण्याचे कारणही नाही. भिक्षा घेताना निवड नसावी हेच योग्य. परंतु या नियमातून निघणारा निष्कर्ष बहुधा उलट दिशेने काढला जातो. भिक्षूस निवड नाही, म्हणून अन्नाचा विचारच नको, असे म्हटले जाते. वस्तुतः भिक्षूस निवड नाही, म्हणूनच निवडीचा सर्व भार दात्यावर येतो. ज्याने 'नको' म्हणण्याचा अधिकार सोडून दिला आहे, त्याच्या झोळीत काय घालावे याचा विचार घालणाऱ्याने दुप्पट केला पाहिजे. जावातील त्या आचाऱ्याने कोंबड्यांचे अन्न बदलले तेव्हा त्याला त्यांच्या हिताची कल्पनाही नव्हती, आणि तरीही त्याच्या कृतीने त्या वाचल्या. वासनिकाला तर सर्व ठाऊक आहे.

पूर्वी हा भार जाणवत नसे, कारण गावच्या जमिनीत जे पिके तेच गावाच्या चुलीवर शिजे आणि तेच झोळीत पडे. झोळी हे त्या शिवाराचेच रूप होते. भिक्षूने न निवडताही ते अन्न देहास पचणारे आणि भूमीस झेपणारे असे. निवड न करण्याचा नियम ज्या काळी घातला गेला त्या काळी अन्नाची निवड भूमीनेच करून ठेवली होती. आज ती निवड दुकानदार, कारखानदार आणि शासनाची गोदामे करतात. नियम तोच राहिला, त्याखालची भूमी सरकली.

दुसरा प्रश्न आजारी भिक्षूचा. मधुमेह जडलेला वृद्ध भिक्षू झोळीतील गोड बाजूला ठेवतो. त्याचे व्रत भंगले काय? येथे आरंभी सांगितलेला भिक्षा व भोजन यांतील भेद उपयोगी पडतो. त्याने घेताना नाकारले नाही. दात्याचा भाव मोडला नाही. सेवनसमयी त्याने विवेक केला, आणि तो विवेक रुचीसाठी केलेला नाही, उलट रुचीच्या विरुद्ध केलेला आहे. गोड सोडणे हे रसनेचे चोचले नव्हेत. बाजूला काढलेले अन्न टाकून न देता सहभिक्षूस वा भुकेल्या प्राण्यास दिले, म्हणजे झाले. औषध आणि रुची यांतील सीमा हीच: सोडताना जिव्हेला सुख होते की कष्ट, हे ज्याचे त्याला कळते. एखादा भिक्षू भाकरी आवडत नाही म्हणून पोटदुखीचे निमित्त सांगेल, हेही संभवते. ती फसवणूक कोणत्याही सूत्राने टळण्यासारखी नाही.

याहून सूक्ष्म धोका निराळाच आहे. आरोग्य हेही एक रुची होऊ शकते. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून बाजरीची बिस्किटे, नाचणीच्या कुरकुरीत चकत्या, ज्वारीचे पोहे सुंदर वेष्टनांत विकले जाऊ लागले आणि त्यांत साखर व तेल पूर्वीइतकेच राहिले. दिवसाकाठी किती तंतू पोटात गेले, किती साखर रक्तात चढली, याची यंत्रे बाळगणारा मनुष्य देहाचा विसर पडू न देण्याचे एक नवे साधन हाती घेतो. ज्याला देहाभिमान सोडावयाचा आहे, त्याने देहाची अशी नित्य उपासना करणे शोभणार नाही. साध्या अन्नाचा खरा लाभ हा की ते एकदा अंगवळणी पडले म्हणजे त्याचा विचार करावा लागत नाही.

दुधाचा प्रश्न टाळून हा विचार पुरा होणार नाही. नव्या आहारमार्गात दूध, दही, तूप यांस स्थान नाही. पंथात त्यांचा निषेध नाही, आणि श्रीकृष्णचक्रवर्तींच्या गोकुळातील लीळा आठवणाऱ्या अंतःकरणास असा निषेध सहज रुचणारही नाही. या मार्गाचे प्रतिपादक असे दाखवितात की, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पूअर व नेमेचेक यांच्या जागतिक अभ्यासानुसार जगातील शेतजमिनीपैकी सुमारे ८३ टक्के जमीन पशुजन्य अन्नासाठी लागते आणि त्यातून उष्मांक मिळतात ते केवळ १८ टक्के. हा हिशेब जगाचा आहे. कडब्यावर व बांधाच्या गवतावर जगलेल्या मराठवाड्यातील गाईस तो जसाच्या तसा लावता येत नाही. ती माणसाच्या तोंडचा घास खात नव्हती. तिचे खोंड नांगराला लागे, शेण शेतात जाई, दूध हे त्यातून उरलेले.

परंतु आज नांगर ट्रॅक्टरला जोडला गेला आहे. ज्वारी गेली तसा कडबाही गेला. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळांत जिल्ह्यात गुरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाच्या व वळूच्या हत्येसही बंदी आली. कायद्याने मारण्यास मनाई केली. खाऊ घालण्याचे दायित्व कोणावर ते मात्र सांगितले नाही. खोंडाला काम नाही, चारा नाही, आणि गाईचे दूध तर हवे आहे. तेव्हा दूध घेणाऱ्या वासनिकाने त्या खोंडाचे पुढे काय झाले हे एकदा तरी विचारावे, एवढे म्हणणे अनाठायी होणार नाही. महात्मा गांधींनी १९१२ साली दूध सोडण्याचे व्रत घेतले. १९१८ च्या दुखण्यानंतर व्रत घेताना मनात गाय व म्हैस होती, असा अर्थ लावून ते शेळीचे दूध घेऊ लागले, आणि आपण व्रताचे अक्षर पाळले पण आत्मा घालविला अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली. व्रताच्या अक्षराआड लपणे सर्वांनाच सोपे असते. ते मान्य करणे क्वचितांना जमते.

ज्यास दूध पूर्ण वर्ज्य करावयाचे असेल त्याने एवढे जाणावे की, ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून विश्वसनीयपणे मिळत नाही आणि ते वैद्याच्या सल्ल्याने गोळीच्या रूपाने घ्यावे लागते. त्याच्या अभावाने हातपाय बधिर होतात, स्मृती क्षीण होते. वृद्ध तपस्विनींच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. दूध सोडणाऱ्याने घेणाऱ्यास हीन लेखू नये आणि घेणाऱ्याने सोडणाऱ्याची थट्टा करू नये. शास्त्राने जेथे निषेध केला नाही तेथे आपणही निषेध निर्माण करू नये, एवढाच या बाबतीत निर्णय होऊ शकतो.

उरला दारिद्र्याचा प्रश्न. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असे दर होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. कायद्यात भरडधान्य आहे, पण दुकानात बहुधा गहू-तांदूळच येतो. बाजारात मालदांडी गव्हाहून महाग. ज्या कुळंबिणीने आयुष्यभर ज्वारी पेरली, काढली, तिच्याच घरी आज फुकटचा भात शिजतो आणि तिने पिकविलेली ज्वारी शहरातील मधुमेही घेऊन जातो. अशा घरी "भाकरीच हवी" असे म्हणणे क्रौर्य होईल. शिवाय भाकरीची स्तुती करणाऱ्या पुरुषांनी हेही ध्यानी घ्यावे की, पहाटे जात्यावर बसणारे आणि चुलीपुढे दहा-दहा भाकरी थापणारे हात त्यांचे नव्हते. ज्वारीचे पीठ फार दिवस टिकत नाही, वारंवार दळावे लागते. आधणाचे पाणी घालून मळावे लागते. पोळीप्रमाणे ती सकाळी करून संध्याकाळी तशीच मऊ राहत नाही. घरातील आहार बदलावयाचा तर घरातील कामाची वाटणीही बदलावी लागेल.

म्हणून प्रारंभ निर्धनाच्या चुलीपासून नव्हे, तर जेथे निवड करण्याचे सामर्थ्य आहे तेथून व्हावा: मठांच्या व आश्रमांच्या कोठारातून, आणि संपन्न वासनिकांनी केलेल्या उपहारातून. आश्रमाने परिसरातील कोरडवाहू शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी, तूर व करडई सुगीतच योग्य भावाने घ्यावी, तर त्या शेतकऱ्यास दाराशी खरेदीदार मिळतो, आणि ऊस न लावण्याचे एक कारणही मिळते. एका आश्रमाने किती पाणी वाचणार, असा उपहास होईल. पाण्याचे माप येथे मुख्य नाही. ज्याच्या दारी पंगत बसते त्याने पंगतीतील अन्नाचा मार्ग जाणावा, हे मुख्य आहे.

उपहारासंबंधी मात्र वासनिकांच्या मनात एक शंका नेहमी असते: प्रभूंस उत्तमातील उत्तम अर्पावे, मग भाकरी कशी अर्पावी? उत्तम कशास म्हणावे हे आजवर दुर्मिळतेवरून ठरत आले. पांढरा तांदूळ व साखर जेव्हा घरोघरी नव्हती, तेव्हा ती अर्पण करण्यात त्याग होता. आज तीच सर्वांत स्वस्त आहे. गोदाकाठच्या कोरडवाहू पट्टीत पौषात हुरडा येतो, माघ-फाल्गुनात नवी ज्वारी खळ्यावर पडते. मध्यान्ही भोजनसमयी पांचाळेश्वरी त्या नव्या ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि जवसाची चटणी कोणी उपहारात ठेवली, तर तिला शास्त्राचा कोणताही प्रतिबंध दिसत नाही.